चाकांवरचे घर आणि किलोचा हिशेब

जुन्या पुणे-मुंबई रस्त्याच्या कडेला ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या स्मरणात एक दृश्य खात्रीने असेल. पिंपरीच्या टेल्को कारखान्यातून बाहेर पडलेली, अंगावर ना छप्पर ना फळ्या अशी मालमोटारीची नुसती चॅसिस, आणि तिच्यावरच्या तात्पुरत्या आसनावर बसून, डोक्यातोंडाला फडके गुंडाळून, ऊनपाऊस अंगावर घेत तिला दूरच्या मुलखातील मालकापर्यंत पोचवायला निघालेला चालक. ती चॅसिस मुक्कामाला पोचली की सुतार, लोहार, पत्रेवाला आणि रंगारी तिच्याभोवती जमत आणि तिच्यावर ‘बॉडी बांधत’. मराठी माणूस घर बांधतो आणि गाडीची बॉडीही बांधतो. क्रियापद एकच आहे, आणि मला हा केवळ भाषेचा योगायोग वाटत नाही. दोन्ही ठिकाणी एक सांगाडा उभा करून त्याला आच्छादन घालायचे, दार बसवायचे, पाणी आत शिरू द्यायचे नाही, हेच काम असते. भेद इतकाच की एका बांधकामाच्या खाली जमीन असते आणि दुसऱ्याच्या खाली चाके. ट्रेलरवर बांधलेले लहानसे घर या दोन विद्यांच्या नेमक्या सांध्यावर उभे राहते, आणि १९६६ पासून टेल्कोच्या, त्याच्या आगेमागे आलेल्या बजाज ऑटोच्या व बजाज टेम्पोच्या आणि पुढे चाकणला वसलेल्या मोटार कारखान्यांच्या सावलीत ज्या परिसराने तीन पिढ्या गाड्यांची हाडे जोडण्यात घालवल्या, त्या परिसराने या घराचा विचार मनापासून करावा असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

प्रथम या घराचे माप पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी वाहनाची रुंदी २.६ मीटरांवर रोखलेली आहे. म्हणून ज्या घराला रस्त्यावरून न्यायचे त्याची बाहेरची रुंदी अडीच मीटर धरणे शहाणपणाचे, म्हणजे बिजागऱ्या, पन्हळी, दिवे यांना दोन्ही अंगांनी थोडी जागा उरते. लांबी सहा मीटर घेतली तर क्षेत्रफळ होते पंधरा चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ १६० चौरस फूट. हा आकडा मुंबईच्या वाचकाला ओळखीचा वाटेल. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींतील खोलीचे क्षेत्रफळ १६० चौरस फूटच आहे, आणि तेवढ्या जागेत गिरणी कामगारांच्या पिढ्यांनी संसार केले, बाळंतपणे केली, मुलांना पदवीधर केले. भिंतींची जाडी पाच-पाच सेंटिमीटर वजा केली की आतली रुंदी उरते २.४ मीटर, आणि राष्ट्रीय इमारत संहितेने राहण्याच्या एकुलत्या खोलीला ठरवून दिलेली किमान रुंदी हीच, २.४ मीटर, तर किमान क्षेत्रफळ साडेनऊ चौरस मीटर. रस्त्याचा कायदा जेथे वरून दाबतो आणि वास्तूचा कायदा जेथे खालून उचलून धरतो, त्या दोहोंच्या मध्ये हे घर अगदी नेमके बसते, हे प्रथम ध्यानात आले तेव्हा मला झालेला आनंद मी विसरलेलो नाही.

अमेरिकेत १९९९ साली जे शेफर याने शंभर चौरस फुटांहून लहान असे घर चाकांवर बांधले आणि तिकडे या प्रकाराची लाट आली. त्याच्याही आधी, १९५२ साली, ल कॉर्बूझिए या थोर वास्तुविशारदाने भूमध्य समुद्राच्या काठी स्वतःसाठी ३.६६ मीटर चौरसाची एक लाकडी खोली बांधून, पलंग, मेज, कपाट आणि शौचकूप यांची तीत अशी तजवीज केली की ती आजही वास्तुविद्येच्या विद्यार्थ्यांना दाखवली जाते. परंतु लहान जागेत राहण्याची विद्या शिकायला मराठी माणसाला इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. भिंतीतला कोनाडा, फडताळ, खुंटी, आढ्याखालचा माळा, दिवसा भिंतीशी गुंडाळून ठेवलेल्या वळकट्या, जेवणापुरता मांडला जाणारा पाट, खाली ट्रंका सरकवलेली खाट, मोरीच्या कट्ट्यावर उभी केलेली हंडाकळशी, हा सारा सरंजाम म्हणजे एकाच जागेकडून दिवसातून चार वेगवेगळी कामे करून घेण्याची एक परिपूर्ण पद्धती होती. म्हणून ट्रेलरवरच्या घराचा आराखडा करणाऱ्याने लहान आकाराची चिंता करू नये. घर लहान करणे आपल्याला येते. घर हलके करणे आपल्याला येत नाही, आणि सगळी कसोटी तेथे आहे.

वजनाची गोष्ट आकड्यांनीच सांगितली पाहिजे. आपल्या घराच्या चारी भिंती मिळून, अडीच मीटर उंचीच्या धरल्या आणि दारेखिडक्या वगळल्या, तर साधारण चाळीस चौरस मीटर भरतात. त्या आपल्या नेहमीच्या नऊ इंची विटेच्या बांधल्या तर एका चौरस मीटरला चारशे किलोंहून अधिक, म्हणजे गिलावा सोडून केवळ भिंतींचेच वजन सतरा टनांच्या घरात जाईल. त्याऐवजी दोन्ही बाजूंना अर्ध्या मिलिमीटरचा रंगीत पोलादी पत्रा आणि मध्ये पाच सेंटिमीटरचा पफ, म्हणजे फुगवलेला कठीण फेस, अशी जी पाटी चाकण-भोसरीच्या शीतगृहांना आणि पोर्टा केबिनींना सर्रास वापरली जाते, ती लावली तर चौरस मीटरला दहा किलो लागतात आणि चारी भिंती मिळून चारशे किलोंत आटोपतात. शिवाय पफ उष्णतेला विटेपेक्षा कितीतरी अधिक अडवतो. मी केलेल्या हिशेबात चॅनेलचा सांगाडा, दोन आस, कमानपाटे व चाके मिळून सुमारे आठशे किलो, भिंती व त्यांचा आतला सांगाडा सातशे, तळाची जमीन अडीचशे, छप्पर दोनशे, दारेखिडक्या दोनशे, लाकूडकाम साडेतीनशे, पाणी दोनशे, बॅटरी व सौरपट्ट्या दीडशे, आणि कुटुंबाच्या कपडेलत्ते-भांड्यांसाठी साडेतीनशे, असे सव्वातीन टनांच्या थोडे आत वजन येते.

या हिशेबाला किती बारकाईने चिकटून राहावे लागते ते स्वयंपाकाच्या ओट्यावरून कळते. दीड मीटर लांब आणि साठ सेंटिमीटर रुंद असा ओटा दोन सेंटिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचा केला तर नुसती फरशी पन्नास किलोंच्या आसपास भरते. तोच सव्वा मिलिमीटरच्या स्टेनलेस पत्र्याचा, खाली प्लायवूडचा आधार देऊन केला, तर पत्रा नऊ किलोंपेक्षा कमी. चाळीस किलोंचा हा फरक म्हणजे कुटुंबाचे महिनाभराचे धान्य. भोसरीतील एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात मी आराखड्याविषयी बोलत उभा असताना तेथल्या एका वयस्क मिस्त्रीने माझा कागद बाजूला ठेवून जमिनीवर खडूने सहा मीटर बाय अडीच मीटरचा चौकोन काढला, गुण्या लावून कोपरे तपासले, आणि मला म्हणाला, “साहेब, आता ह्यात उभे राहून एकेक वस्तू आणा, आणि आणताना तिचं वजन मोठ्यानं बोला.” मी तसे केले. कपाट म्हटल्यावर आकडा सुचेना, शिलाई यंत्र म्हटल्यावर सुचेना. घरातील कोणती वस्तू किती भारी आहे हे आपल्याला आयुष्यभर ठाऊकच नसते, कारण घराने ते कधी विचारलेले नसते.

वजन कमी करून भागत नाही; ते कोठे ठेवायचे हाही प्रश्न असतो. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या लावून चाललेली वाहतूक ज्याने पाहिली आहे, त्याला मागची ट्रॉली कधीकधी सापाच्या शेपटीसारखी डावी-उजवीकडे कशी हेलकावते हे ठाऊक असेल. ज्या ट्रेलरचे आस मध्यभागाच्या जवळ असतात, त्यात भार आसाच्या मागे गेला की पुढच्या दांड्याचे टोक वर उचलू पाहते, ओढणाऱ्या गाडीची पकड ढिली होते आणि वेग वाढताच मागचे घर डुलू लागते. चालकाने घाबरून ब्रेक दाबला की डुलणे उलट वाढते. यावर अनुभवाने ठरलेला तोडगा असा, की एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग पुढच्या जोडणीवर पडेल अशा बेताने सामान मांडावे. आपल्या घराच्या बाबतीत हा भाग सव्वातीनशे ते पावणेपाचशे किलो होतो. तो याहून अधिक झाला तर ओढणाऱ्या गाडीची मागची बाजू दबते आणि पुढची चाके हलकी होऊन सुकाणू मानेनासे होते. म्हणून या घरात ओटा कोठे असावा हे गृहिणीच्या सोयीबरोबर तराजूही ठरवतो. ओटा एका अंगाला असेल तर कपाट समोरच्या अंगाला असावे. पाण्याची टाकी आसाच्या वर, जितकी खाली बसवता येईल तितकी खाली असावी, आणि तिच्या पोटात आडवे पडदे असावेत, कारण अर्धी भरलेली टाकी वळणावर पाण्याचा सारा भार एका बाजूला फेकते.

रस्त्यावर निघालेले हे घर दर मैलाला लहानसा भूकंप सोसते असे समजावे. चॅसिस खड्ड्यात एक चाक गेले की पिळवटते आणि सरळ होते. भिंती त्या पिळाला ताठपणे विरोध करू लागल्या की सांधे फुटतात. भिंतीला फरशा लावण्याचा मोह म्हणूनच टाळावा. त्या वजनदार तर असतातच, शिवाय पहिल्या शंभर गतिरोधकांतच भेगाळतात. बॉडी बांधणारे कारागीर नटबोल्टखाली रबर का घालतात, पत्र्याच्या दोन तुकड्यांमध्ये फट ठेवून ती लवचीक पदार्थाने का भरतात, काच कठीण केलेलीच का घेतात, याचे उत्तर या पिळात आहे. चाळीतल्या सुताराला जे ज्ञान नसते ते येथे बसबांधणी करणाऱ्याला असते, आणि उलटही खरे.

हवामानाविषयी आपल्याकडे वेगळा विचार करावा लागतो, आणि येथे परदेशी नमुन्यांचे अनुकरण मला स्पष्टपणे चुकीचे वाटते. तिकडच्या बहुतेक अशा घरांत शय्या माळ्यावर असते, कारण तिकडे थंडी बोचते आणि उबदार हवा वर जमते. चैत्र-वैशाखात चाकणच्या माळरानावर पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा छपराखालच्या तीन फुटांत झोपणे म्हणजे भट्टीत झोपणे होय. माळा सामानाला द्यावा, माणसाने खाली, खिडकीच्या पातळीला झोपावे. छप्पर दुहेरी करावे, दोन थरांमध्ये चार बोटे मोकळी हवा खेळती ठेवावी, वरचा थर पांढरा असावा. घराच्या कडेला पागोळ्या पडतील असा रुंद छज्जा ठेवण्याला रुंदीचा नियम आड येतो, तेव्हा तो बिजागरीवर बसवून मुक्कामाला उघडता येईल असा करावा. एक मोठी मुभा मात्र या घराला आहे, जी पायावर उभ्या असलेल्या कोणत्याही घराला नाही: त्याला उन्हाळ्यात एका दिशेला आणि पावसाळ्यात दुसऱ्या दिशेला तोंड करून उभे करता येते. आषाढात दार नैर्ऋत्येच्या झडीकडे पाठ करून असावे, हा साधा नियम पाळला तरी निम्मी गळती टळते. एकूण उंची साडेतीन मीटरांच्या आत राखावी. झाडांच्या फांद्या, गावातल्या लोंबत्या तारा आणि रेल्वेखालच्या बोगद्यांपुढच्या लोखंडी कमानी कायद्याची पुस्तके वाचत नाहीत.

विजेचा प्रश्न आता सोपा झाला आहे. नव्या जातीचा पंखा तीस वॅटच्या आसपास भागवतो, दिवे त्याहून कमी. छपरावरच्या सौरपट्ट्या दिवसा बॅटरी भरतात. पाण्याचा प्रश्न सोपा झालेला नाही. शहरात दरडोई दिवसाला १३५ लिटर पाणी हे नियोजनाचे प्रमाण मानतात. आपल्या टाकीत दोनशे लिटर मावतात, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला एका दिवसाला पुरतील एवढेही नाहीत. बादली-तांब्याची आंघोळ, भांड्यांचे पाणी झाडांना, आणि रोज भरता येईल असा नळ, यांवाचून हे घर चालत नाही. आणि मैला कोठे जाणार याचा बंदोबस्त न करता चाकांवरच्या घराचे गोडवे गाणाऱ्याने त्या घरात राहणाऱ्यांचा विचार केलेला नाही असे मी म्हणेन. बंद पेटी असलेला शौचकूप, आणि ती पेटी रिकामी करायला अधिकृत जागा, या दोन गोष्टी आराखड्याच्या पहिल्या पानावर असल्या पाहिजेत. गॅसविषयी एकच सांगतो, कारण त्यावर जीव अवलंबून आहेत: स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून टाकीचा खण बाहेरून उघडणारा असावा, घराच्या आतल्या बाजूने पूर्ण बंद असावा, आणि त्याच्या तळाला जाळीचे छिद्र असावे.

कायद्याने या कल्पनेकडे अगदीच पाठ फिरवलेली नाही. केंद्र सरकारने ठरवून दिलेल्या वाहनांच्या वर्गांत खाजगी वापराच्या कॅम्पर ट्रेलरची नोंद आहे. निवासयोग्य मोटारींसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. १९६६ साली पुण्यात स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनची तपासणीची सोय चाकणलाही आहे. आणि महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. १९५८ साली नवलमल फिरोदिया यांनी उभ्या केलेल्या बजाज टेम्पोने मराठीला ‘टेम्पो’ हा शब्द दिला. त्याच कंपनीची मॅटाडोर, आणि पुढे ट्रॅव्हलर, कोणाची रुग्णवाहिका झाली, कोणाचे फिरते ग्रंथालय, कोणाचे शयनगृह. परंतु हे सारे प्रवासाला निघालेल्या सुखवस्तू माणसाच्या सोयीचे आहे. त्याविषयी माझी तक्रार नाही. १६६० साली शाइस्तेखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला सुमारे दोन महिने वेढा घातला, त्या काळच्या मोगली छावण्यांतही बड्या सरदारांना पेशखाना असे, म्हणजे डेऱ्यांचे दोन संच; एकात खासा मुक्काम असताना दुसरा पुढच्या मजलेवर उभा राहिलेला असे. मागेपुढे ओझी वाहणारे मात्र झाडाखाली निजत.

ज्याची उपजीविका स्वतःच हलती आहे, त्याच्याच बाबतीत चाकांचा खर्च सार्थ ठरतो, असे माझे मत आहे. शहरातल्या घरटंचाईवर हा उपाय नव्हे, कारण त्याही घराला उभे राहायला जमीन, नळ आणि मैलापाण्याची वाट लागतेच, आणि टंचाई त्यांचीच आहे. महाळुंगे, निघोजे, कुरुळी येथे पत्र्याच्या दहा-बाय-दहा खोल्यांत चार-चार जण राहणाऱ्या कंत्राटी कामगाराला चाके नकोत; त्याला पक्की, परवडणारी खोली हवी. पण दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून निघून कासारसाईच्या संत तुकाराम कारखान्यापर्यंत आणि त्याच्याही पलीकडे पसरणारी ऊसतोड कुटुंबे पाहा. त्यांची वस्ती फड बदलेल तशी बदलते, आणि निवारा म्हणजे बांबूच्या कामट्या, चटई आणि वर ताडपत्री यांची कोपी, जिच्यात वाकूनच शिरावे लागते. त्यांच्या दाराशी ट्रॅक्टर असतो, ट्रॉली असते, ओढण्याचे कसब असते; नाही ते एवढेच, की ती ओढलेली वस्तू घर असावे असे कोणाला सुचलेले नाही. सहा मीटरांच्या एका ट्रेलरचे मधोमध भिंत घालून दोन भाग केले, प्रत्येकाला आतून कडी लागणारे स्वतंत्र दार दिले, टोकाला दोन्ही घरांत एक शौचकूप ठेवला, आणि हंगाम संपल्यावर कारखान्याच्या आवारात तो ओळीने उभा करून ठेवला, तर त्याची मालकी कारखान्याने घ्यावी की शासनाने, यावर वाद होऊ शकेल. पण तो बांधता येणार नाही असे भोसरीतील एकही मिस्त्री म्हणणार नाही.

तो माझा खडूचा चौकोन काढणारा मिस्त्रीही म्हणाला नाही. त्याने अर्ध्या चौकोनात उभे राहून ओट्याची, खिडकीची, भांड्यांच्या फळीची जागा दाखवली, मग वर पाहून विचारले, छपराच्या आडव्या पट्ट्यांत किती अंतर धरले आहे. मी साठ सेंटिमीटर म्हणालो. तो म्हणाला, मधली पट्टी जाड चौकोनी नळीची घ्या आणि तिला खालून एक कडी वेल्ड करून द्या, पन्नास किलो तोलेल अशी. लेकुरवाळी बाई फडावरून आली की झोळी बांधायला आधी तेच शोधणार. मी हिशेबाच्या कागदावर कडीचे वजन लिहिले: तीनशे ग्रॅम.